उपरण्याखालचा भाव

दुधनीच्या बाजारात मल्लप्पा आडत्याचा आवाज फारसा कुणी ऐकला नव्हता. तुरीचा ढीग असो की हुलग्याचा, मल्लप्पा ढिगाशेजारी उकिडवा बसायचा, खांद्यावरचं उपरणं काढून उजव्या हातावर टाकायचा, आणि समोरचा व्यापारी आपला हात त्या उपरण्याखाली सारायचा. पुढचं सगळं बोटं बोलायची. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, अख्खा पंजा म्हणजे पाच. तळव्यावर नख ओढलं की अर्धा. पटलं तर मूठ आवळायची, नाही पटलं तर हात झटकून मोकळं व्हायचं. शून्य नव्हतं. शून्याला बाजारात कोण विचारतो? वर दोघांची तोंडं अशी, की जणू मयताला बसलेत. ज्याचा माल तो शेतकरी दोन हात लांब उभा, आणि त्याच्याच मालाचा भाव त्याला सगळ्यात शेवटी कळायचा.

ही रीत चांगली होती असं कुणी म्हणू नये. त्या फडक्याखाली किती जणांच्या घामाची माती झाली ते दुधनीच्या पांढरीला विचारा. सरकारनं ती बंद करून उघड लिलाव आणला, झकास केलं. पण मल्लप्पाची पंचाईत झाली. चारचौघांत भाव ओरडायचा म्हटलं की त्याचा घसा बसायचा. तो दुसऱ्याच्या तोंडून लिलाव करायचा आणि स्वतः खांबाला टेकून गप्प. आणि उघड्यावर कुणी चुकून त्याच्या बोटांना हात लावला, तर विंचू चावल्यासारखा हात मागं घ्यायचा. धंद्यातला माणूस उघड्यावर बोट देत नाही, बस्स.

त्याचा एकुलता एक पोरगा गुरुलिंग. हा गुरुलिंग पुढं गुरुत्वाकर्षणाचा अभ्यास करणारा शास्त्रज्ञ झाला. शास्त्रज्ञ म्हटल्यावर लोकांना दुर्बीण आठवते, पांढरा कोट आठवतो. ह्याच्याकडं ह्यातलं काही नव्हतं. कागद, पेन्सिल, आणि पेन्सिल नसेल तेव्हा कानशिलावर टेकवलेलं बोट, एवढाच त्याचा कारखाना.

आकडे त्याला पहिल्यांदा शाळेत भेटले नाहीत, उपरण्याखाली भेटले. लहान असताना संध्याकाळी जेवायला बसलं की मल्लप्पा मांडीवर उपरणं टाकायचा आणि विचारायचा, "बोला शेट, भाकरी किती?" पोरगा हात खाली घालायचा. ज्या दिवशी त्याला अर्ध्याची खूण कळली, त्या दिवसापासून त्यानं दुसरा भाव दिलाच नाही. दोन बोटं धरायची आणि वर टचकन नख ओढायचं. अडीच. अर्धी भाकरी रोज उरायची, आणि आई, ईरम्मा, रोज कावायची. मल्लप्पानं त्याचं नावच ठेवलं, अडीच शेट. पण हे नाव तोंडानं कधी घेतलं नाही. पाठीवरून हात फिरवायचा झाला तर मल्लप्पा उपरणं टाकायचा आणि पोराच्या हातात अडीच भरायचा.

गुरुलिंग सोलापुरात शिकला, धारवाडला शिकला, आणि मुंबईच्या एका संस्थेत डॉक्टरेट करायला गेला. त्याच्या इंग्रजीत कानडी हेल होता, मराठीतही होता, आणि हसणारे दोन्हीला हसायचे. फळ्यावर मात्र हेल दिसत नाही. फळ्यापाशी गेला की हसणारे वह्या उघडायचे.

तिथं त्याच्या वाट्याला आलं ते नवंकोरं काम होतं. अणूच्या गाभ्यात जे जबर बळ आहे ते समजावं म्हणून काही लोकांनी मांडलं होतं, की कण म्हणजे ठिपका नाही, ती अतिशय बारीक तार आहे. एकतारीची तार जशी छेडाल तसा सूर, तसं ही तार जशी थरथरेल तसा कण. सोलापूरचा माणूस आणि तार, तंतू म्हटलं की कुणीतरी लगेच मागाची आणि चादरीची उपमा घेऊन पुढं येईल. येऊ नये. गुरुलिंगच्या घरात माग नव्हता, तूर होती.

हिशोब देखणा होता, पण त्यात एक खोट निघायची. दरवेळी एक जास्तीचा कण बाहेर यायचा. वस्तुमान काही नाही, फिरकी, म्हणजे स्पिन, दोन. असा कण अणूच्या गाभ्यात कुणी पाहिला नव्हता, कुणाला नकोही होता. जगातले हुशार हुशार लोक त्याला हाकलायच्या मागं लागले होते. गुरुलिंगही लागला.

सुट्टीला दुधनीला आला तेव्हा दुकानाच्या ओट्यावर बसून त्यानं बापाला हे सांगितलं.

"अप्पा, हिशोबात एक जास्तीचा येतोय. काढला तर बाकीचं मोडतंय, ठेवला तर चुकतंय."

मल्लप्पानं सुपारी फिरवली. "पोत्यामागं घट कापत न्हाय का आपण? माती म्हणून, खडा म्हणून? तसा काप की. काप आन पुढं हो."

"तसं चालत न्हाय, अप्पा."

"बाजारात चालतंय, तुझ्या मुंबैत का चालंना?"

आडत्याचं पोर ते. त्यानं खरंच कापायला घेतलं. दोन वर्षं त्या कणाची घट कापायच्या नाना तऱ्हा शोधण्यात घातली. त्यावरच डॉक्टरेट झाली. संस्थेत नोकरीची जागा मात्र झाली नाही. जागा कुणाला होतात आणि कुणाला होत नाहीत हे सांगत बसलं तर सकाळ होईल. त्र्याहत्तर साली तो परत आला, सोलापुरातल्या एका कॉलेजात लेक्चरर लागला आणि बायकोला, चन्नम्माला, घेऊन बाळीवेशीत दोन खोल्यांत राहायला लागला.

कॉलेजातले विभागप्रमुख त्याला म्हणायचे, "गुरुत्वाकर्षण? ते सफरचंद पडलं तेव्हाच मिटलेलं प्रकरण आहे हो! तुम्ही आपले प्रॅक्टिकलच्या जर्नलांवर सह्या करा." पोरं त्यापेक्षा बरी. तास संपायच्या आधी तो कधी तारांचं काही सांगायला लागला, की मागच्या बाकावरून आवाज यायचा.

"सर, हे परीक्षेला येतंय का?"

"न्हाय."

"मग सांगा की. निवांत ऐकतो."

तिथल्या वाचनालयात नवं काही यायचं नाही. मुंबईचा एक मित्र कधीमधी छापील निबंधांच्या प्रती पोस्टानं पाठवायचा, महिनोन्‌महिने शिळ्या. अशाच एका शिळ्या प्रतीत चौऱ्याहत्तरच्या शेवटाला त्यानं वाचलं, की तो नकोसा कण हाकलायचाच नसतो. वस्तुमान नसलेला, फिरकी दोनचा कण म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, गुरुत्वाकर्षणाचाच कण. माणसं अणूचं बळ शोधायला निघाली होती आणि त्यांच्या हिशोबातून गुरुत्वाकर्षण दारात येऊन उभं राहत होतं. हे दारात उभ्या पाहुण्याला चोर म्हणून मारत होते.

गुरुलिंग ती प्रत हातात घेऊन आत गेला. चन्नम्मा पाटावर बसून शेंगाची चटणी कुटत होती.

"काय झालं? तोंड असं का केलंय?"

"दोन वर्षं माती म्हणून फेकलं, चन्नम्मा. तोच माल होता."

चन्नम्मा मॅट्रिक झालेली, अक्कलकोटची, बोलण्यात धार. ती म्हणाली, "मग उचला की परत. फेकलं ते कुठं लांब फेकलंय? डोक्यातच आहे न्हवं?"

पुढच्या रविवारी त्यानं दुधनी गाठली आणि बापाला सांगितलं. मल्लप्पा इतका हसला की त्याला ठसका लागला. आवाज न करता हसायचा, खांदे तेवढे हलायचे. "आडत्याचं प्वार! घट कापल्याबिगर ऱ्हाईल व्हय!" मग डोळे पुसून त्यानं धंद्याचं विचारलं. "किती जण हायत ह्या मालात?"

"लई होते, अप्पा. आता पेठ उठली. सगळे दुसऱ्या मालामागं गेले. तारंचं नाव काढलं तर हसतेत."

"पेठ उठल्यावर जो बसून ऱ्हातो तो एक तर खुळा असतो, न्हाईतर त्याला माल कळलेला असतो. तू कंचा?"

"अजून म्हाईत न्हाय."

"तुज्याबिगर अजून गिऱ्हाईक किती, ते बघ. एक आलं तर भीक घालतंय. दोन आली की भाव निघतोय."

दोन वर्षं गुरुलिंगनं जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर हिशोब मांडले. दोन निबंध लिहिले, बाहेर पाठवले, छापून आले. नावाखाली पत्ता, सोलापूर. आणि शहात्तरच्या उन्हाळ्यात इटलीतल्या एका संस्थेचं बोलावणं आलं. दोन वर्षं या, इथं बसून हेच काम करा. महिनाअखेर होय की नाही ते कळवा.

त्याच उन्हाळ्यात मल्लप्पाच्या अंगावरून वारं गेलं.

उजवी बाजू गेली, वाचा गेली. सोलापूरच्या दवाखान्यातून त्याला बाळीवेशीतच आणला. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली खाट टाकली. दुकानातला जुना हमाल धुळा दुधनी सोडून मागोमाग आला. मालकाला उठवायला-बसवायला माणूस लागेल म्हणाला, आणि कुणी राहा म्हणायच्या आत जिन्याखाली वळकटी टाकून मोकळा झाला.

डॉक्टर आले, मल्लप्पाचा डावा हात हातात घेतला आणि मोठ्यानं म्हणाले, "आजोबा, माझं बोट दाबा बरं." मल्लप्पानं हात झटकला. पुन्हा धरला, पुन्हा झटकला. ईरम्मानं धरला, गुरुलिंगनं धरला, तेच. डॉक्टरांनी गुरुलिंगला जिन्यात नेऊन सांगितलं, "समज गेलेली दिसते. हात हलतो, पण त्याला अर्थ नाही. मनाची तयारी ठेवा."

अर्थ नाही. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्याच्या मनातला आकडा बोटांनी ओढून काढला, त्याच्या हाताला अर्थ नाही.

गुरुलिंगनं मनाशी ठरवून टाकलं. इटलीला नकार कळवायचा. बायकोला तेवढं बोलला, वर "ह्यावर आता वाद नको" म्हणून तिचं तोंड बंद केलं. चन्नम्मानं तोंड बंद केलं, पण पटवून घेतलं नाही. ह्या दोन्हींत फरक असतो, तो नवऱ्यांना उशिरा कळतो.

एका रविवारी दुपारी ऊन मी म्हणत होतं. माश्या सोसेनात म्हणून ईरम्मानं नवऱ्याच्या हातावर त्याचंच उपरणं टाकलं आणि पदरानं वारा घालत बसली. गुरुलिंग हाताला तेल लावायला आला. उपरणं काढायचा कंटाळा केला, तसाच हात खाली घातला.

बापाची बोटं त्याच्या बोटांवर आली. एक धरलं, सुटलं. परत धरलं. गुरुलिंगला वाटलं, शीर ओढतेय. मग दोन बोटं एकदम धरली गेली, कशीतरी, तिरकी. सौद्याचा हात उजवा, तो मेलेला. हा डावा ह्या कामाला नवखा. आणि मग तळव्यावरून एक नख फिरलं. टचकन.

अडीच.

गुरुलिंग जागचा हलला नाही. तेलाची वाटी मांडीवर कलंडली आणि धोतरभर तेल पसरलं, तरी हलला नाही. त्यानं उलट दोन बोटं धरली, नख ओढलं. उपरण्याखाली मूठ आवळली गेली, अशी की हाड दुखावं.

"अव्वा," तो म्हणाला. आईनं कलंडलेली वाटी बघितली.

"काय रं? तेल सांडलास की मुर्दाडा!"

"अव्वा, अप्पाला सगळं कळतंय. हात झटकत होते ते... आपण उघड्यावर धरत होतो, अव्वा. उघड्यावर ते कधी बोट देतील व्हय?"

ईरम्मानं नवऱ्याकडं बघितलं. मल्लप्पाच्या चांगल्या बाजूचा ओठ वर गेला होता. धुळा दारात उभा होता, तो तिथंच मटकन बसला आणि मुंडाशानं तोंड पुसायला लागला.

त्या दिवसापासून घर बदललं. बोटांना आकड्यापलीकडं काही बोलता येत नव्हतं, पण आकड्यात किती मावतं! पाण्याचे घोट किती, खिडकीतून दिसणाऱ्या गाढवांची संख्या किती, आज दुधनीला तुरीचा भाव किती गेला असेल. गुरुलिंग तोंडानं विचारायचा, मल्लप्पा खालून सांगायचा. ईरम्माला तर मोकळं रान मिळालं. चाळीस वर्षांचं तुंबलेलं ती पोराच्या हातून विचारायला लागली.

"विचार त्यास्नी, तंबाखू सोडा म्हणून मी किती येळा सांगितलं व्हतं?"

उपरण्याखाली पंजा आला. परत पंजा. परत पंजा.

"अजून देतायत का पंजे?" ईरम्मा म्हणाली. "देऊ द्या. कबूल तर केलं."

पण एक गोष्ट गुरुलिंगच्या ध्यानात आली आणि ती काट्यासारखी बसली. अप्पाचं हे बोलणं ऐकणारा तो एकटाच होता. दुधनीचे जुने हात बरेचसे मातीआड गेलेले. उपरण्याखाली बायकांचा हात कधी गेला नव्हता, जाऊ दिला नव्हता. आता अप्पाला वाचा फुटली होती, आणि ती वाचा गुरुलिंगच्या एका हातात होती. हा हात उचलून इटलीला न्यायचा म्हणजे बापाची जीभ परत कापायची. आधी नाही म्हणायचं ते मन मारून म्हणणार होता, आता अगदी हसत म्हणणार होता. सोमवारी तार करायची ठरली.

रविवारी जेवणं झाली. गुरुलिंग खाटेपाशी बसला होता, हात उपरण्याखाली. चन्नम्मा ताटं उचलता उचलता उभी राहिली आणि सासऱ्याकडं तोंड करून, पदर नीट घेत, खणखणीत आवाजात म्हणाली,

"मामंजी, एक सांगायचं आहे. ह्यांना इटलीचं बोलावणं आलंय, दोन वर्षांचं. उद्या नको म्हणून तार करणार आहेत. तुम्हाला कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते."

"चन्नम्मा!"

"ओरडू नका. सांगून झालंय माझं." आणि ताटं घेऊन ती आत गेली. गेली कसली, दाराआड उभी राहिली.

उपरण्याखाली गुरुलिंगच्या दोन बोटांना पकड बसली. दोन.

"अप्पा, नको. मला जायाचंच न्हाय."

दोन. सौद्यात तोंडाचं बोलणं मल्लप्पा मोजत नव्हता.

"तुमच्याशी बोलणार कोन मग? सांगा की!"

दोन.

गुरुलिंगला उत्तर बोटांनीच देणं भाग होतं. नाही म्हणायचं तर हात झटकायचा, दुसरी खूणच नाही. त्यानं झटकायचा विचार केला. बापाचा तो एकच उरलेला हात आपल्या हातातून झटकायचा? ते त्याच्यानं होईना. मग त्यानं आडत्याच्या पोरानं करावं ते केलं, भाव पाडला. एकच बोट धरलं. एक. वर्षभर जातो, येतो.

मल्लप्पानं बोट सोडवून घेतलं. मग तीन बोटं धरली.

गुरुलिंग चमकला. वाटलं, चुकले. त्यानं एक बोट धरलं, वर नख ओढलं. दीड.

चार.

तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. आडत्या कुणाच्या बाजूनं बसतो? मालवाल्याच्या. भाव चढवणं हे त्याचं काम. समोरचा पाडायला लागला की हा चढवणार. म्हातारा पोराच्या विरुद्ध सौदा करतच नव्हता, पोराचा माल घेऊन बसला होता. गुरुलिंगला हसू फुटलं, आणि हसता हसताच डोळे गळायला लागले.

"अप्पा, बोलावणंच दोन वर्षांचं हाय! चार कुटनं आणू मी?"

मल्लप्पाचा खांदा हलायला लागला, एकच.

"काय चाललंय दोघांचं?" ईरम्मा म्हणाली. "हसायलाय का रडायलाय?"

गुरुलिंगनं दोन बोटं धरली. मल्लप्पानं लगेच होकार दिला नाही. समोरच्याला घाम फुटू द्यायची त्याची जुनी खोड. भिंतीवरची पाल इकडून तिकडं गेली. मग मूठ आवळली.

"सौदा झाला, अव्वा."

"कितीला?"

"दोन."

"दोन काय?"

"वर्षं, अत्ती," दाराआडून चन्नम्मा सासूला म्हणाली.

ईरम्मानं दोघांच्या हातांवरच्या उपरण्याकडं बघितलं. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "जल्मभर माझ्या माघारी सौदं केलं ह्या माणसानं. जीभ गेली तरी सुधारला न्हाय."

"पण एक अट हाय, अव्वा," गुरुलिंग म्हणाला. "हात तू घालायचास. मी शिकवतो."

"मी? या बया! आता म्हातारपणी ह्यांचा हात धरून बसू व्हय, धुळ्यासमोर?"

"मी भायेर जातो की, वैनी," धुळा जिन्याकडं सरकला.

तिला शिकायला वेळ लागला नाही. लाजायलाच वेळ लागला. पहिल्या दिवशी तिनं तोंड भिंतीकडं करून हात उपरण्याखाली घातला आणि विचारलं, "भाकरी किती?" मल्लप्पानं नख ओढलं, अर्धी. तिनं दोन बोटं धरली. मल्लप्पानं एक. तिनं तीन. "आता कळलं समोरच्याला कसं वाटतंय ते!" ती म्हणाली, आणि दोन भाकऱ्या कुस्करून चारल्या.

निघायच्या आदल्या दिवशी चन्नम्मानं पत्र्याच्या डब्यात कडक भाकरी रचून भरल्या, पापडासारख्या, महिनोन्‌महिने टिकणाऱ्या. वर शेंगाची चटणी. डब्याचं झाकण बसवत ती नवऱ्याला म्हणाली, "दोन वर्षं म्हणजे माझीपण दोन वर्षं आहेत. ती मी देतेय. फुकटची समजू नका."

"न्हाय समजत."

"आणि थंडीचं डोकं झाका. तेच एक चालतं तुमचं."

इटलीत समुद्रावरून वारं असं यायचं की माणूस चालता चालता तिरका व्हायचा. संस्थेत जगभरचे लोक होते, पण तारांचं काम म्हटलं की चहाच्या टेबलावर हलकं हसू यायचं. गुरुलिंगला हसण्याची सवय होती. चन्नम्माचं पत्र यायचं. त्यात घरची हालहवाल, आणि तळाशी ईरम्मानं लिहायला लावलेलं एक वाक्य, "ह्यांनी आज अडीच म्हणून सांगितलंय, का ते कळत न्हाय, तुला कळंल." त्याला कळायचं. मग तो कडक भाकरीचा तुकडा मोडायचा आणि कामाला बसायचा. जुन्या हिशोबात जिथं जिथं त्यानं घट कापली होती, तिथं तिथं तो कण परत घालत गेला. एक अवघड बेरीज होती, ती त्या कणासकट जुळली. फार मोठं काही नव्हतं. पण जुळली ती जुळली. निबंध छापून आला आणि संस्थेत कुणी ढुंकून बघितलं नाही.

अठ्ठ्याहत्तर साली गुरुलिंग सकाळच्या गाडीनं सोलापूरला उतरला. चन्नम्मा आणि धुळा दारात आले. चन्नम्मानं भाकरतुकडा ओवाळून टाकला, त्याच्या टक्कल पडायला लागलेल्या डोक्याकडं बघितलं, आणि म्हणाली, "झाकलं न्हाई ना? सांगितलं होतं." मग आत वळून डोळे पुसले. ते बघून तो खाटेकडं वळला.

मल्लप्पा खाटेवर चिपाडासारखा झाला होता. हात उपरण्याखाली, आणि त्या उपरण्याखाली ईरम्माचाही हात. ती आता लाजत नव्हती. तिनं पोरासाठी जागा केली, पण आपला हात काढला नाही. गुरुलिंगनं आपला हात तसाच आत सारला. तिघांची बोटं झाली.

आधी अडीच आलं. त्यानं परत दिलं.

मग तो बापाच्या कानाशी वाकला. "अप्पा, तुमी इच्यारलं होतं, माझ्याबिगर ह्या मालाला अजून गिऱ्हाईक किती. माझा निबंध वाचून लोकांनी लिहिलं. एक जपानातला हाय. तेच काम करायलाय, एकटाच बसून." त्यानं एक बोट धरलं. "आन एक इंग्लंडातला." दुसरं धरलं.

मल्लप्पानं डोळे मिटले. बोटं तशीच राहिली. हलली नाहीत, सुटली नाहीत. गुरुलिंग थांबला. कपाळावर घाम आला तरी थांबला.

मग मूठ आवळली. जोर फारसा उरला नव्हता, पण मूठ होती.

गुरुलिंग आईला सांगायला वळला, "अव्वा, अप्पा म्हणतायत..."

"कळलं की," ईरम्मा म्हणाली. "भाव निघाला म्हणतायत. मी काय नुसती हात धरून बसलीय व्हय दोन वर्षं?"